ताटाचा फोटो

डहाणूच्या शाळेतल्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर सकाळपासून महागाईवरून जुंपली होती. रेल्वेतला हेमंत सरकारच्या बाजूने एकटाच किल्ला लढवत होता. आयात कर, रुपया, डिझेल, सगळ्याला त्याच्याकडे उत्तर तयार! दुपारी जेवायला बसल्यावर तर त्याने तळलेल्या पापलेटचा फोटोच टाकला. "हे बघा माझं ताट. कुठंय महागाई?"

त्याचं जेवण होत आलं तेव्हा दर्शनचा मेसेज आला. "हेम्या, वाद राहू दे. फोटोत पलीकडे वहिनींचं ताट दिसतंय. त्यात नुसताच भात नि कालवण का रे?"

हेमंतने मान वर करून समोर बसलेल्या नीलमच्या ताटाकडे पाहिलं. मग तिला तुकडी वाढायला घाईघाईने आपल्या ताटात हात घातला.

 

काटे तेवढे उरले होते.