मधली चौकट

गुंडाने लोखंडी गज उगारला होता. पहिल्या चौकटीत त्याच्या मनगटावरची शीर तट्ट फुगली होती. तिसऱ्या चौकटीत समोरचा माणूस फरशीवर पडला होता. जबडा निखळलेला, ओठ फाटलेला, दोन दात रक्तात. मधली चौकट संपूर्ण काळी होती.

“काका, हे चालणार नाही,” संपादक अवधूत म्हणाला. “न्यूयॉर्कहून प्रकाशकांचा क्लिअर ईमेल आहे. शेवटच्या पानावर फटका दिसलाच पाहिजे. आज नाही दिलंत, तर पान दुसऱ्या आर्टिस्टकडे जाणार.”

जयंतराव न्यू जर्सीत वाढले, तिथेच कॉमिकचे चित्रकार झाले आणि उतारवयात मुलीजवळ ग्लासगोला आले. चाळीस वर्षे त्यांनी एकच मालिका काढली. तीत शेकडो माणसे ठेचली गेली, भोसकली गेली, पुलावरून फेकली गेली. परंतु प्रत्यक्ष घाव त्यांनी एकदाही रेखाटला नाही. त्या जागी प्रत्येक वेळी काळी चौकट. दोन खंडांतील चित्रकारांनी तिचे अनुकरण केले. समीक्षकांनी तिला संयम म्हटले. असे म्हणणाऱ्यांनी तिसरी चौकट नीट पाहिली नसावी.

आपल्या मालिकेचा शेवट परक्या हाताने व्हावा, हे जयंतरावांना सहन होणारे नव्हते. सकाळपासून त्यांनी अकरा कागद फाडले होते. प्रत्येकावर गज डोक्यापर्यंत येई आणि रेषा थांबे.

“अहो, चाळीस वर्षं लोकांची हाडं मोडताय, आणि एका फटक्याला लाजताय?” अवधूत हसला. “थांबा, मीच पोझ देतो. बघा आणि काढा.”

त्याने टेबलावरची लांब लाकडी पट्टी उचलली, त्यांच्या खुर्चीसमोर उभा राहिला आणि हात मागे नेला.

“हं, असा वर... आणि असा—”

पेन्सिल खाली पडली. सहासष्ट वर्षांचे जयंतराव गुडघे पोटाशी घेऊन खुर्चीत आक्रसले होते. दोन्ही हात डोक्याभोवती. डोळे इतके घट्ट मिटलेले, की पापण्या थरथरत होत्या.

“काका... मी मारणार नव्हतो हो.”

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. पट्टी खाली ठेवली आहे, याची आधी खात्री केली. मग ते पान अवधूतकडे सरकवले.

“दुसऱ्याकडेच दे,” ते म्हणाले. “फक्त, मार खाताना ज्याचे डोळे उघडे राहिले असतील, असा शोध.”