नॉर्मल एक

तिसऱ्या दिवशीचाही कागद निळा झाला. कावेरीने हातमोजे काढले, पुन्हा घातले, आणि काहीच न करता प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागली.

निळा म्हणजे शौचाच्या नमुन्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांचे कागद निळे व्हायचेच, त्यात नवल नव्हतं. पण हा नमुना निरोगी माणसाचा होता.

आतड्याच्या अस्तरावर जंतू ओळखणारे रिसेप्टर पहाऱ्याला असतात. नव्याण्णव साली ते नवेच माहीत झाले होते. हे पहारेकरी वर्षानुवर्षं आरडाओरडा करत राहिले तर सूज येते आणि सुजेतून पुढे गाठ, असा कावेरीचा अंदाज होता. तो पडताळायचा तर रुग्णांच्या जोडीला तुलनेसाठी धडधाकट माणसं, म्हणजे ‘कंट्रोल’, हवीत. ती शोधायला बंगळूरच्या त्या संस्थेतून कुणी बाहेर जात नसे. तिथे काम करणारेच आपले नमुने देत. मदतनीस नागनाथ वर्षभर देत होता. त्याच्या डबीवर ‘नॉर्मल एक’ लिहिलेलं असे, आणि त्या नंबराचा त्याला भारी तोरा होता. रक्ताची चाचणी मात्र याच आठवड्यात सुरू झाली होती.

“कंट्रोल बिघडला तर टाकून दे, दुसरा घे,” प्रयोगशाळेचे प्रमुख विश्वेश्वर सर सकाळी म्हणाले होते. सोमवारी त्यांना आकडे हवे होते. कावेरीला संताप आला होता. डबी टाकता येते, पन्नाशीचा माणूस कसा टाकायचा?

नागनाथ धुतलेला फ्लास्क पुसत आला.

“अण्णा, जरा बसा. या आठवड्यात मटण खाल्लंत? मुळा? लोहाच्या गोळ्या?” अशा खाण्यानेही कागद निळा होऊ शकतो.

“श्रावणात मटण कुठलं, अक्का? का?”

मनात जुळवलेलं सगळं ती विसरली. “तुमच्या नमुन्यात रक्त येतंय. तीनदा पाहिलं. कदाचित काही नसेलही. पण उद्याच दुर्बिणीने आतडं तपासून घ्या. मी येते बरोबर.”

नागनाथ आधी हसला. मग तिचा चेहरा पाहून त्याने मान खाली घातली.

“रागावू नका अक्का. ते माझं नव्हं. उगादीपासून, चार-पाच महिने झाले, मला पोटाच्या गोळ्या चालू हायत. गोळ्या घेणाऱ्याचं चालत न्हाई, तुम्हीच सांगितलेलं. तुमचं काम अडू नये म्हणून घरनं दुसऱ्याचं आणत होतो.”

कावेरीला एकदम हायसं वाटलं, आणि त्याची तिला लगेच लाज वाटली.

“कुणाचं?”

“तानूचं. बायकोचं.” तो समजूत घातल्यासारखा बोलू लागला. “आमच्या घरात प्रत्येकाला काही ना काही हाय. मला पोट, आईला दमा, पोराला खरूज. म्हटलं, खरी नॉर्मल म्हणजे तीच. वीस वर्षांत तिचं कधी डोकंसुद्धा दुखलं न्हाई.”

फ्लास्क त्याने टेबलावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

“म्हणजे,” तो म्हणाला, “मी कधी विचारलं न्हाई.”