निव्वळ काळी शाई

गेलेल्या आईचा फोटो छापायला थोरली प्रिंटरपाशी बसली, तसा धाकटा भाऊ मागून म्हणाला, “ताई, चकचकीत कागद घे आणि चेहरा जरा उजळ कर. लोक भेटायला येणार आहेत.” तिच्या मस्तकात तिडीक गेली. आईच्या लग्नाच्या दिवशीही सासरच्यांनी पावडर थापून तिला फोटोला उभं केलं होतं. “काळी होती आपली आई. मेल्यावर तरी तिला गोरी करू नकोस!” चकचकीत कागद भिरकावून तिने जाड सुती कागद लावला. रंगीत शाया मिसळून केलेला काळा रंग हिरवट दिसायचा, म्हणून निव्वळ काळी शाई निवडली. बाहेर आली ती खरी आई: गडद गाल, रोखून पाहणारे डोळे. “पण काका काय म्हणतील?” भाऊ पुटपुटला. फोटो त्याच्या हातात ठेवत ती म्हणाली, “दारासमोरच लाव. ज्याला खुपेल, त्याने उंबऱ्यावरूनच मागे फिरावं!”