पाणपोईमागची खोली

“सोवळंओवळं कळतं ना वं?” गोदाबाईने विचारलं.

“कळतं, माय.”

“जात?”

“कुणबी.” धुरपदाबाई अडखळली नाही. स्टेशनाबाहेरच्या निंबाखाली पोरीला कुशीत घेऊन तिने हा शब्द घोकून घोकून पाठ केला होता.

बुधवारा मोहल्ल्यात खोली शोधताना तिने खरं सांगून पाहिलं होतं. भाड्याच्या आधी जात निघायची आणि मग दार लागायचं. धूलकोटला तिचं घर वेशीबाहेरचं. नवरा गेल्यावर ती शहरात आली. जिनात कापूस निवडून पोट भरत होतं, पण वयात येणारी कमल उघड्यावर किती दिवस ठेवणार? अशात मोतीलाल सेठच्या पाणपोईमागची खोली रिकामी होणार असल्याचं कळलं. भाडं नावापुरतं, बाकी सगळं धर्मखाती. मोबदल्यात येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजायचं. सेठ म्हणाले, “बुढीला पसंत पडली तर कमरा तुझा. पक्की बात.”

बुढी म्हणजे गोदाबाई. आता तिच्याने घागर उचलवत नव्हती, म्हणून जैनाबादला भाचीकडे निघाली होती. भटजींपासून गोऱ्या साहेबाच्या हवालदारापर्यंत सगळे तिच्या हातचं पाणी निर्धास्त पीत. सोवळ्यात तिचा हात धरणारं आख्ख्या बुऱ्हाणपुरात कुणी नव्हतं म्हणे.

धुरपदाबाई सकाळपासून विहिरीसारख्या खोल कुंडीतून पाणी शेंदत होती, माठ भरत होती, वाटसरूंच्या ओंजळीत धार धरत होती. गोदाबाई ओट्यावर बसून डोळ्यांत तेल घालून बघत होती.

दुपारी पायऱ्यांच्या पार खाली एक कुटुंब येऊन थांबलं. वर यायची त्यांना मुभा नव्हती. धुरपदाबाईने पदर कपाळावर ओढला. चेहरा ओळखीचा निघाला तर?

“तू राहू दे. यांना मी घालते,” म्हणत गोदाबाई कण्हत उठली. “सरका तिकडं, शिवाल,” असं साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली. ओंजळी भरल्या, पोरं प्याली, त्यांची मडकीही भरली. तोंड चालूच होतं आणि धारही. धुरपदाबाईला म्हातारीचा मनातून राग आला.

“हात बरा हाय तुझा,” उन्हं उतरल्यावर गोदाबाई म्हणाली आणि कमरेची किल्ली काढून तिने ओट्यावर ठेवली. धुरपदाबाईचा जीव भांड्यात पडला. आज कमल दार लावून झोपणार.

तेव्हा कुठे तिला तहान आठवली. दिवसभर घशाखाली थेंब गेला नव्हता. ती माठापासून चार हात लांब सरकली, उकिडवी बसली आणि ओंजळ धरून म्हणाली, “माय, जरासं पाणी घाला.”

बोलून गेली आणि तिचं तिलाच कळलं. दुसऱ्याच्या माठातलं पाणी तिला जन्मात कुणी वरून घातल्याशिवाय मिळालं नव्हतं. पण कुणब्याची बाई, शेजारी भरलेला माठ असताना अशी ओंजळ धरून बसेल?

गोदाबाईने रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग तिने किल्ली उचलली. धुरपदाबाईने खाली मान घालून आपलं गाठोडं जवळ ओढलं.

गोदाबाईने तिचा हात धरून किल्ली मुठीत कोंबली आणि तिला माठापाशी ओढलं.

“आपल्या हातानं बुडवून पी,” ती हळूच म्हणाली. “ही खोड मोडायला मला पुरा एक उन्हाळा लागला व्हता.”