साहेब येणार म्हणून झाडलेला बगीचा

"आज कोणी आत नाही जायचं जी!" बगीचा बचाव समितीचे यादोराव फाटकात आडवे उभे राहिले.

पार्वताबाई थांबली. तिच्या खांद्यावर हात टेकून नवरा उभा होता. देवीदासला दिवाळीत लकवा मारला, तेव्हापासून ती त्याला रोज सकाळी या बगीच्यात चालवायला आणायची. बाहेरच्या रस्त्यावर राइस मिलचे ट्रक. धडधाकट माणूसही तिथे अंग चोरून चालतो. पाय ओढत चालणाऱ्याने कुठे जायचं?

"काऊन नाही जायचं?"

"साहेब येऊन राहिले ना पाहनीले! दोन दिवस राबून समितीनं बगीचा चकाचक केला."

केला होता खरा. मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या काळातला बगीचा, त्यानेच लावलेल्या चिंचा अजून उभ्या. आणि नगर परिषद म्हणते, इथे कोणी फिरकतच नाही, दुकानं बांधू. त्यावर गावाने सह्या केल्या, मोर्चा नेला, ओरडून ओरडून घसे बसवले. तेव्हा कुठे वरचे साहेब आज डोळ्यांनी बघायला येत होते, लोक येतात की नाही ते. आणि बचाव समितीने काय करावं? मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं की लोक अंगण सारवतात आणि म्हाताऱ्या-पोरांना मागच्या दारी पिटाळतात. तस्सं केलं! पत्ते कुटणारे बुढे उठवले, क्रिकेटवाली पोरं हाकलली, चिंचा वेचणाऱ्या बायांना दामटलं. झोपाळे दोरीने बांधून टाकले. सडा घातला, रांगोळ्या काढल्या. आता काय बोलावं या लोकांना!

"यादोराव जी, साहेब मानसं पाहाले येऊन राहिले का झाडलेली जमीन?"

"बाई, तुमाले नाही समजत. गावाची इज्जत आहे."

"इज्जत काय चाटाची हाये? याइले चालाले जागा पायजे!"

"घरी... चाल," देवीदास अडखळत म्हणाला.

"कायले घरी? इथंच उभे राहू."

हाकललेले सगळेच हळूहळू फाटकाबाहेर जमले. रस्ता भरून गेला. यादोरावांनी त्यांनाही बजावलं, शिस्तीत राहा, गडबड नको. एरवी रेशनच्या रांगेतसुद्धा न ऐकणारं गाव, आज मेलं मुकाट ऐकत होतं.

जीप आली. साहेबांना हार घातला. ते बगीचाभर फिरले; मागे इस्त्रीचे शर्ट घातलेली समिती, बाकी चिटपाखरू नाही.

"रोज लोक येतात म्हणता?"

"पुष्कळ, साहेब! संध्याकाळी बसायला बाक पुरत नाहीत."

साहेबांनी रिकाम्या बाकांकडे पाहिलं, मग बांधलेल्या झोपाळ्यांकडे.

पार्वताबाईला राहवेना. ती बाहेरूनच, बगीच्याच्या बुटक्या भिंतीवरून ओरडली, "साहेब, आमी रोज येतो जी! आज आमाले येऊ नाही दिलं!"

नेमका तेव्हाच ट्रकने हॉर्न दाबला. देवीदास दचकून भिंतीला चिकटला. तिने त्याला दोन्ही हातांनी सावरलं.

"काय म्हणतात त्या बाई?" साहेबांनी विचारलं.

यादोराव ओशाळले. भलत्या वेळी ही बाई गावाची शोभा करणार! घाईघाईने म्हणाले, "काही नाही साहेब. नमस्कार म्हणतात."

साहेबांनी हसून तिकडे हात जोडले. पाहणी संपली. फाटकाबाहेरच्या लोकांनी शिस्तीत बाजूला होत जीपला वाट करून दिली. साहेबांनी काचेतून दोन्हीकडे नीट पाहिलं आणि शेजारच्या इंजिनिअरला म्हणाले,

"बाहेर मात्र गर्दी चांगली आहे. दुकानं चालतील."