हजारावा चंद्र

"ताई, भाऊजींना जप. काही झालं तरी जप."

तुपात फुलवाती भिजवताना मृणालिनीताईंना समीरचा फोनवरचा तो आवाज हटकून ऐकू यायचा. धाकट्या भावाचा तो शेवटचा फोन.

नवऱ्याच्या घराण्यात कुणी पुरुषाने साठी ओलांडली नव्हती. म्हणून त्यांनी सोमवार धरले, रोजचा मृत्युंजय जप धरला, नवऱ्याचं ताट अळणी केलं. गुरुनाथराव आफ्रिकेतल्या तीन देशांत राजदूत होते. निवृत्त होऊन लेकाकडे वेलिंग्टनला आले. जप कुठेच मोडला नाही.

आज तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये गुरुनाथरावांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. त्यांनी घरच्याच कोरीव खुर्चीवर बसावं, हा ताईंचा हट्ट. सिंहाच्या पायांची ती काळी खुर्ची आफ्रिकेतल्या एका राष्ट्राध्यक्षांची भेट होती. समीरची मुलगी ईशा उत्तरेकडच्या मनुरेवाहून आली होती. खुर्ची व्हॅनमधून उतरवताना ती म्हणाली, "आत्या, हीप्स जड आहे गं ही, खूप म्हणजे खूपच."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या.

ओवाळणं झालं. मंडळींनी आग्रह केला तशी गुरुनाथरावांनी माईक हातात घेऊन नेहमीची गोष्ट काढली. पेटलेलं शहर, शेवटचं विमान, दूतावासातला एकेक माणूस त्यांनी कसा बाहेर काढला.

"एकटा आमचा मेव्हणा राहिला. हुकूम मोडून गावात गेला."

सगळे हळहळले. ईशाने मान खाली घातली. बापाबद्दल तिने लहानपणापासून एवढंच ऐकलं होतं.

मंडळाचा प्रसाद हसत म्हणाला, "काकू, काकांना हजार चंद्र दाखवलेत. आता तरी उपास सोडा."

"आज सोडणारच आहे."

त्या विमानात ताईंनी नवऱ्याला एकदाच विचारलं होतं, समीरला गाडीतून उतरवून खुर्ची का चढवलीत. ते हसले होते. "सांगेन की. माझ्या सहस्रचंद्रदर्शनाला, चारचौघांत." साठीचं गणित त्यांनाही ठाऊक होतं.

आणि समीरचं फोनवरचं पुढचं वाक्य ताईंनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. 'माझ्या पोरीला ते स्वतःच्या तोंडाने खरं सांगेपर्यंत त्यांना मरू देऊ नकोस.'

ताई उठल्या. ईशाचा हात धरून खुर्चीसमोर आल्या. माईक त्यांनी नवऱ्याच्या हातातच राहू दिला.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "चंद्र हजार झाले. पोरगी समोर आहे."