आधी पवित्रा

"कराटे शिका, ताई. चार जणांना एकट्या लोळवाल," पदकांच्या कपाटापुढे बसलेले सर म्हणाले.

"परवा स्टँडवर एकानं मागून माझे केस धरले. तेव्हा काय करायचं?" कालिंदीनं विचारलं.

"आधी पवित्रा घ्यायचा..."

"तोवर तो थांबतोय होय!" ती फणकारून उठली.

शेजारच्या तालमीत मुलींना कुस्ती शिकवणाऱ्या बाईंनी तिचा तोच प्रश्न ऐकला आणि सरळ तिचे केसच धरले. कालिंदी किंचाळली, रडकुंडीला आली, तरी बाईंनी सोडलं नाही.

"रडतेस काय? माझं मनगट दोन्ही हातांनी डोक्याशी दाब आणि गर्रकन वळ!"

तिसऱ्या खेपेला बाई मातीत पडल्या. कालिंदी ओशाळून त्यांना उठवायला वाकली.

"उठवतेस कुणाला?" बाई खेकसल्या. "पळ!"